कवठटेकचा तिसरा रकाना

४ डिसेंबर १९७२, सोमवार. हजर : मोजणीदारसाहेब, मी (कनिष्ठ लिपिक), जीपचे ड्रायव्हर गफूरभाई, शेजारच्या गावचे कोतवाल तात्या. गैरहजर : निरंक.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या डायरीत आहे आणि अक्षर माझंच आहे. तिच्यातला शेवटचा शब्द चुकीचा आहे. तो कसा चुकला हे सांगायचं तर मोजणीदारांबद्दल सांगायला हवं, आणि मोजणीदार हे एका ओळीत मावणारे गृहस्थ नव्हते.

ऑफिसात मोजणीदार आणखीही होते, पण नुसतं 'मोजणीदार' म्हटलं की हेच. पन्नाशी कधीच ओलांडलेली, उंच, बांधावर वाकून वाकून पाठीला पोक आलेलं. हातात बारा महिने काळी छत्री. छत्रीच्या आत कापडावर चिकटवलेला तालुक्याचा जुना नकाशा गुंडाळून ठेवलेला असे. ते दुष्काळाचं साल. आदल्या वर्षीही पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. खडी फोडायच्या कामावर आम्ही गेलो की बायका हातोडी थांबवून छत्रीकडे बघायच्या.

"सायेब, छत्री आनली आन पाऊस कुटं इसरला?"

मोजणीदार थांबत, गंभीरपणे उत्तर देत. "पाऊस माझ्या खात्याकडं नाही, बाई. माझ्याकडं फक्त जमीन आहे."

त्यांचे रुमाल हा ऑफिसात चेष्टेचा विषय होता. नकाशे उतरवून घ्यायचं जे चकचकीत मेणकापड असतं, त्याचे जुने तुकडे ते गरम पाण्यात धुऊन काढत. खळ निघून गेली की आत मलमलीसारखं मऊ कापड उरतं. शाई मात्र पूर्ण जात नसे. घाम पुसताना त्यांच्या कपाळावरून कुठल्यातरी गावाचा ओढा आणि गाडीवाट फिरत असे.

आणि त्यांना 'नाही' हा शब्द चालत नसे. कारकुनानं "फाईल नाही" म्हटलं की ते म्हणत, "आढळत नाही म्हणा." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, स्वयंपाक हातानं करत. एकदा त्यांच्या खोलीवर मी चहाला गेले, तर डबा उघडून म्हणाले, "बाई, साखर आढळत नाही." शेजारणीनं वाटीभर साखर आणून दिली. तेव्हा माझ्याकडे विजय मिळवल्यासारखं बघून म्हणाले, "पाहिलंत? होती."

नकाशावरचं एखादं गाव खरोखर आहे का, हे शोधायची त्यांची रीत होती. पुरुषांना विचारायचं नाही. "पुरुषाला रस्ता माहीत असतो. गाव बाईला माहीत असतं," असं ते म्हणत. गाव कितीही लहान असो, तिथली लेक कुठंतरी दिलेली असते आणि तिथं कुणाची तरी लेक आलेली असते. म्हणून ते बाजारात जाऊन बायकांना माहेर विचारत. काष्टीच्या बाजारात एका बांगड्या भरणारीनं त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. "म्हाताऱ्या, माझं म्हायेर कशाला इचारतूस? सोयरीक काढाय निगालास व्हय?" ते शांतपणे म्हणाले, "सोयरीक नको, गाव हवंय." तिनं हसत हसत माहेर सांगितलं आणि त्या दिवशी आम्हाला, नकाशावर असलेली आणि यादीत नसलेली, एक वाडी मिळाली. पुरानंतर ती दोन मैल सरकली होती, एवढंच.

गावाला पोचलं की तीन गोष्टी पाहायच्या. पाणवठा, मसणवटा आणि दिवा. पहिल्या दोन गोष्टी दिवसा दिसतात. तिसरीसाठी दिवेलागणीपर्यंत थांबायचं. ज्या गावात कोणी राहत नाही त्याला महसुली कागदात 'बेचिराख' लिहितात. मोजणीदार म्हणत, दिवा लागतो की नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तो शब्द लिहायचा अधिकार कोणाला नाही. त्यासाठी माळावर, ओढ्यात, काट्याकुट्यात ते संध्याकाळपर्यंत बसून राहत. बरोबर आलेले लोक वैतागत. मीही वैतागे.

त्या नोव्हेंबरात वरून आदेश आला. टँकर आणि रेशन कोणत्या गावांना द्यायचं त्याची यादी पक्की होणार होती. नकाशावर सात नावं अशी होती की जी गावांच्या यादीत नव्हती. त्यांची खात्री करा, असतील तर यादीत घ्या, नसतील तर नकाशावरून वगळायला कळवा. काम मोजणीदारांचं, कागद माझे. मी तक्ता केला. अनुक्रमांक, नाव, आहे, नाही, शेरा.

त्यांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. "बाई, तिसरा रकाना कुठं आहे?"

"कसला?"

"'आढळले नाही'चा."

"साहेब, आढळलं नाही म्हणजे नाहीच."

"परवा तुमच्या चष्म्याची डबी दोन तास आढळत नव्हती. ती नव्हती का?"

"ती सापडली."

"म्हणूनच म्हणतो, रकाना ठेवा."

"स्टेन्सिल कापून झालीय," मी म्हणाले. ते खरं होतं. नवी कापायला एक तास लागला असता हेही खरं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि वेळेवर काम देणारी म्हणून साहेब लोकांत माझं नाव होतं. मी रकाना केला नाही.

सहा नावं दोन आठवड्यांत मिटली. सातवं कवठटेक. मिरजगावच्या पलीकडे, सडकेपासून आत, माळावर. नकाशात बारीक तिरप्या अक्षरात. मिरजगावात कोणाला विचारलं तर खांदे उडवत. शेवटी शेजारच्या गावचे कोतवाल तात्या वाट दाखवायला जीपमध्ये बसले. वाटेत मोजणीदारांनी विचारलं, "तात्या, कवठटेक गाव आहे का?"

"गाव कशाचं, सायेब? पटकी आल्ती तवाच समदी पांगली. दगडं हायेत निस्ती."

खरोखर दगडच होते. टेकाडावर चार-पाच पडक्या घरांच्या भिंती, एका घरावर अर्धं पत्र्याचं छप्पर, त्यावर दगड ठेवलेले. विहिरीत तळाला भेगाळलेला चिखल. विहिरीच्या काठाच्या दगडात दोरानं पडलेल्या खाचा होत्या. मोजणीदारांनी एकेका खाचेत बोट फिरवलं.

"बाकीच्यात धूळ आहे. ह्या एकीत नाही."

"धनगर येत्यात की, शेरडं घिऊन," तात्या म्हणाले.

मसणवट्यात ताजी राख नव्हती. मग आम्ही दिव्यासाठी बसलो. सूर्य गेला. खाली लांब मिरजगावच्या बाजूला दोन-चार दिवे लागले. टेकाडावर काहीच लागलं नाही. थंडी वाढली. गफूरभाई जीपमध्ये बसून आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं जांभया देत होते.

आणि एक आवाज आला. घुंगराचा. एकदाच, आणि मध्येच तोडल्यासारखा.

मोजणीदार ताडकन उभे राहिले. "घुंगूर?"

"न्हाई वो. वारं हाय," तात्या म्हणाले.

"बाई, तुम्ही ऐकलंत?"

मी ऐकला होता. स्वच्छ ऐकला होता. मी म्हणाले, "नाही."

कारणं माझ्याकडे होती. यादी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला द्यायची होती. जीप दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात जाणार होती. मिरजगावहून माझी एस.टी. सुटायला पाऊण तास उरला होता. आणि त्या पडक्या घरांत अंधारात शोधत फिरायची मला भीती वाटत होती. ही चारही कारणं मी त्याच रात्री डायरीत लिहून ठेवली, जणू कोणी विचारणार होतं.

मोजणीदारांनी तक्ता जीपच्या बॉनेटवर ठेवला. मी बॅटरी धरली. "सकाळी परत येऊ," ते म्हणाले. "साहेब, जीप नाही," मी म्हणाले. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका पडला. मग त्या ठिपक्यावरच त्यांनी 'नाही'च्या रकान्यात खूण केली आणि शेऱ्यात 'बेचिराख' लिहिलं. तो शब्द लिहिताना त्यांचा हात इतका हळू चाललेला मी आधी पाहिला नव्हता.

महिनाअखेरीस मिरजगावजवळच्या रस्त्याच्या कामावर मी बायकांचा हजेरीपट लिहीत होते. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा वास, हातोड्यांचा आवाज, रांग लांब. एक काटक बाई पुढं आली.

"नाव?"

"हौसाबाई."

"गाव?"

"कवठटेक."

माझं पेन थांबलं. "दुसरं सांगा."

"दुसरं कुटलं सांगू? सासरला काय दोन गावं असत्यात?" मागच्या बायका हसल्या.

"तिथं कोणी राहत नाही, बाई."

"आता, कोन न्हाई कसं? माझी सासू हाय की. मालक गेलं, मी हितं कामावर आले. म्हातारीला चालवत न्हाई, म्हनून तिथंच ठिवलीया. दर बाजारच्या दिशी पीठ आन हंडाभर पानी निऊन देते."

"आम्ही गेलो होतो. दिवेलागणीपर्यंत थांबलो. दिवा लागला नाही."

हौसाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला काहीच समजत नाही. "आंदळीला दिवा कशाला लागतोय, बाई?"

मागं कोणी हसलं नाही.

"ती सांगत हुती, मोटार आल्ती म्हनून. मानसं बोलत हुती. शेरडं चोरनारं आल्यात म्हनून ती शेळीचं तोंड आन गळ्यातलं घुंगूर दाबून बसली. एकच शेळी ऱ्हायलीय न्हवं."

मी हजेरीपटावर 'कवठटेक' लिहिलं. मग तशीच ऑफिसात गेले.

मोजणीदार चहा बशीत ओतून पीत होते. बशी ते नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवत, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी बशी उचलली, नकाशाच्या कोपऱ्यावर उमटलेलं ओलं वर्तुळ धुतलेल्या रुमालानं टिपलं.

"म्हणजे घुंगूर होतं."

"होतं. हौसाबाई म्हणाली, शेळीच्या गळ्यात आहे."

"तुम्ही ऐकलं होतंत का, असं मी त्या दिवशी विचारलं होतं."

मी म्हणाले, "जीपची सोय करते." आणि केली. कामाची सोय करण्यात मी कधी कमी पडले नाही.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये पाण्याचे दोन डबे ठेवून आम्ही चौघं गेलो. हौसाबाई, मोजणीदार, मी, गफूरभाई. अर्ध्या पत्र्याच्या त्या घरात, आम्ही ज्या दगडावर बसलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर, भिंतीला पाठ लावून म्हातारी बसली होती; माझ्या नोंदीतली गैरहजर ती हीच. भागूबाई तिचं नाव. शेळी मांडीला टेकून.

"कोन हाय?"

"मोजणीदार."

"कशाची मोजनी?"

"गावाची, मावशी."

"मोज की मग," भागूबाई म्हणाली. "मी एक. ही शेळी एक. झाली मोजनी."

मोजणीदार पाण्याचे डबे उतरवायला जीपकडे गेले.

पाण्याचे दोन डबे किती दिवस पुरणार? टँकर यायला आदेश लागत होता. आदेशाला यादी लागत होती. यादीत 'नाही' होतं. दुरुस्ती व्हायला महिना तरी जाणार होता. म्हणून म्हातारीला कामावरच्या झोपड्यांत न्यायचं ठरलं. ती तयार नव्हती.

"मी गेले तर हितं कोन?"

"चार दिवस, मावशी. यादी दुरुस्त झाली की मी स्वतः परत आणून सोडतो."

त्यांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. शेळी हौसाबाईनं धरली. उतारावर घुंगूर वाजत होतं, सगळा वेळ.

चार दिवसांचे वीस झाले. भागूबाईला झोपडीत ताप भरला आणि ती गेली. मुकादमानं मृत्यूच्या कागदावर लिहिलं, 'राहणार रस्त्याचे काम, मिरजगाव'. मोजणीदार त्याच्याकडे दोनदा गेले. 'राहणार कवठटेक' लिहा म्हणाले. मुकादम म्हणाला, "सायेब, ते गाव यादीत न्हाई. तुमीच न्हाई म्हनून लिवलंय."

दुरुस्तीच्या अर्जाला उत्तर आलं. सदर ठिकाणाची सद्यःस्थिती कळवावी.

सद्यःस्थिती काय कळवणार? कवठटेकात आता खरोखर कोणी नव्हतं. "आधी आपण खोटं लिहिलं," मोजणीदार मला म्हणाले. "मग म्हातारीला उचलून आणलं आणि ते खरं केलं."

एका साप्ताहिक बैठकीला तात्या कोतवाल आले होते. मोजणीदारांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "तात्या, तुम्हाला माहीत होतं. सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं गाव हाय का. हितं मानूस हाय का असं इचारलं असतंत, तर हाय म्हनलो असतो. एक म्हातारी म्हंजे गाव व्हय, सायेब?"

"मग किती म्हाताऱ्या लागतात?" मोजणीदार म्हणाले. "आकडा सांगा. मी तक्त्यात घालतो."

तात्या बैठकीच्या खोलीकडे वळले. मला वाटतं, तो प्रश्न त्यांच्यासाठी नव्हताच.

त्यानंतर मोजणीदार विक्षिप्त झाले असं ऑफिसात म्हणत. मला तसं वाटत नाही, ते आधीपासूनच होते. फक्त आता त्यांच्या विक्षिप्तपणाला एक पत्ता मिळाला होता. दर वर्षी ४ डिसेंबरला ते कंदील घेऊन कवठटेकला जात. निवृत्त झाल्यावरही जात. दिवेलागणीला त्या अर्ध्या पत्र्याच्या घरात कंदील लावत आणि पंचनामा लिहीत. 'आज रोजी मौजे कवठटेक येथे एक दिवा आढळला.' जवळपास शेरडं राखणारा कोणी असेल त्याचा अंगठा पंच म्हणून घेत. पंचनाम्याची प्रत ऑफिसात पाठवत. "मोजणीदारांची दिवाळी आली," असं म्हणत कारकून ती फाईलला लावत. एक वर्ष हौसाबाई त्यांच्याबरोबर गेली होती. तिनं मला सांगितलं, "कंदील लावून गप बसत्यात. मी म्हनलं, सायेब, आत्याबाईला दिवा लागत न्हवता. तर ते म्हनलं, हा तिच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी हाय."

पुढे तालुक्याचा नवा नकाशा छापून आला. त्यांनी ऑफिसात येऊन तो मागितला, टेबलावर पसरला आणि मिरजगावच्या पलीकडे बोट ठेवलं. जिथं बारीक तिरपी अक्षरं होती तिथं कोरा कागद होता. 

"आढळत नाही," ते म्हणाले. दुसरा शब्द त्यांनी तेव्हाही वापरला नाही.

शेवटची भेट नगरला झाली. त्यांचा मुलगा तिथल्याच नागापूरला कारखान्यात होता, त्याच्याकडे ते राहत. खाटेवर बसलेले, अंगावर शाल, हातात तोच रुमाल, आता त्यावर रेघ उरली नव्हती. त्यांनी उशाखालून एक अर्ज काढला. नवीन मागणी अशी होती की गाव आज आहे की नाही हे न पाहता, ४ डिसेंबर १९७२ रोजी ते होतं एवढी नोंद व्हावी. त्यासाठी त्या दिवशी हजर असलेल्या तिघांची निवेदनं. पहिलं गफूरभाईंचं, उर्दू सहीचं. दुसऱ्यावर तात्या कोतवालांचा अंगठा.

"तात्यांनी दिला?" मी विचारलं.

"दिला. म्हणाले, गाव न्हाई म्हनत मी अजून, पर मानूस हुतं."

तिसरं निवेदन टंकलेलं होतं, खाली माझं नाव. 'सायंकाळी शेळीच्या घुंगराचा आवाज आला व तो मी ऐकला.' त्याखाली सहीची जागा.

"बाई, खरं असेल तर सही करा," मोजणीदार म्हणाले. "खरं नसेल तर तसं लिहा. तोही पुरावाच." मग हसून म्हणाले, "आणि ह्या दोन्हीतलं काही सांगता येत नसेल, तर तिसरा रकाना आहेच. आत्ता नको. घरी नेऊन करा."

मी अर्ज घरी आणला. पुढच्या चैत्रात ते गेले. मुलाचं पत्र आलं तेव्हा सही व्हायची होती.

आता मी पंचेचाळीस वर्षांची आहे, अव्वल कारकून आहे, आणि माझ्या टेबलावर काम राहत नाही. सही का केली नाही याची कारणं मी पूर्वीसारखी लिहून ठेवली आहेत. सरकारी कागदावर आपणच खोटं बोलल्याचं लिहून द्यायचं म्हणजे नोकरीला धोका. गाव तर आता नाहीच. भागूबाई तर गेलीच. ही सगळी कारणं तपासून पाहिली, ती सगळी टिकतात. आणि खरं कारण त्यांत नाही. खरं कारण एवढंच की ती सही झाली की त्या संध्याकाळी 'नाही' कोण म्हणालं हे कागदावर येईल, आणि मोजणीदारांना ते पहिल्यापासून माहीत होतं.

हौसाबाई अजून मिरजगावला असते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिला गाव 'कवठटेक' लिहून हवं होतं, शाळेनं लिहिलं नाही. तो मुलगा आता मोठा झाला. गेल्या महिन्यात ती ऑफिसात भेटली, तेव्हा तिनं विचारलं, "बाई, सायबांच्या त्या कागदाचं काय झालं?"

मी म्हणाले, "बघते."

दर वर्षी नवी डायरी आली की जुन्या डायरीतली राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवते. एरवी ते पान रिकामंच असतं. आज मात्र झालेल्या कामांसकट सगळी यादी उतरवली. दळण, झालं. विमा, भरला. छत्रीची काडी बसवायची, बसवली. कवठटेक, सही : बाकी.